हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

टेपाच्या वाडीतल्या देऊचा उजवा अंगठा तुम्हाला सहसा दिसायचा नाही. कुणी कोऱ्या कपड्यातला माणूस, कुणी खांद्याला बॅग अडकवलेला, कुणी हातात कागद असलेला वाडीची चढण चढताना दिसला, की देऊचा अंगठा आपोआप मुठीत जायचा आणि तो माणूस बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मुठीतच राहायचा. मग तो पोलिओचे थेंब पाजायला आलेला का असेना. वाडीतली माणसं हसायची. "देऊचा अंगठा बघायचा तर देऊ झोपल्यावर," असं त्याची बायको जिवंत असताना म्हणायची, आणि पुढे स्वतःच सांगायची की झोपेतही तो मुठीतच असतो.

याला कारण होतं, आणि ते खरं होतं. देऊ दहा वर्षांचा असताना त्याचा बाप कमळू याच्याकडे एका शेटचा माणूस आला होता. फुकट आंब्याची कलमं मिळणार, त्यासाठी इथे अंगठा लाव, म्हणाला. कमळूने लावला. शाईची डबी धरायला देऊच होता. कलमं आली नाहीत. तिसऱ्या वर्षी पायथ्याच्या भाताच्या जमिनीभोवती दगडी कुंपण आलं, आत बंगला आला, पोहायचा निळा हौद आला. ठाकर आदिवासींची एकोणीस घरं टेपावर, म्हणजे वरच्या टेकाडावर, सरकली आणि भाताऐवजी उतारावरच्या तांबड्या मातीत नाचणी-वरई पेरू लागली. कमळू मरेपर्यंत मधूनमधून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. देऊ पाणीसुद्धा फुंकून प्यायला शिकला.

त्याने आयुष्यभर कुणावर विश्वास ठेवला नाही आणि त्याचं बरंचसं चाललं. शेवळं, करटुलं, कवळा अशा रानभाज्या घेऊन तो कुळगावच्या बाजारात बसायचा, तेव्हा गिऱ्हाईक जुडी उचलून बघायला लागलं की हा त्याच्या हाताकडे बघायचा. तलाठ्याने नमस्कार केला तर आज का केला, याचा विचार चार दिवस करायचा. सून हर्षदा वाडीची आशा सेविका झाली, वाडीतल्या बायकांच्या तपासण्या, गोळ्या, वजनं लिहू लागली, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. देऊला वाटलं, एवढं लिहून घेऊन वर कोण वाचतं?

पण सगळ्यात जास्त संशय होता तो धोंडीवर. धोंडी त्याचा सख्खा चुलत भाऊ, बरोबरीचा, एकाच अंगणात वाढलेला. धोंडीची नाचणी वर, देऊची खाली, मध्ये हद्दीचा एक दगड. धोंडीचा मुलगा भावेश त्याच पायथ्याच्या बंगल्यावर वॉचमन लागला आणि देऊच्या मनात जे बसलं ते उठलंच नाही. ज्या कुंपणाने बापाला मारलं त्याच कुंपणाच्या फाटकावर धोंडीचं पोर टोपी घालून उभं राहतं, म्हणजे शेटला घरात शिरायला वाट झालीच की.

त्या हद्दीच्या दगडाची गोष्ट आधी सांगायला हवी. टेपावर वाघोबाचा एक मोठा काळा कातळ आहे, डोंगराच्या हाडातूनच वर आलेला. त्यावर शेंदूर लागतो, नवं पीक आलं की त्याच्यापुढे पहिली मूठ पडते. कमळू आणि त्याचा भाऊ लहानू, म्हणजे धोंडीचा बाप, या दोघांनी टेपावर आल्यावर वाटणी केली ती या कातळापासून हात मोजून. खाली उताराकडे सात हात आणि चार बोटं, तिथे दगड. ठाकरांची जुनी रीत अशी की हद्दीचा दगड बसवायच्या आधी खड्ड्यात एक फुटकी खापर ठेवायची आणि तिच्यावर मूठभर कोळसा. लाकूड कुजतं, हाड कुत्रं उकरून नेतं, कोळसा मातीत शंभर वर्षं तसाच राहतो. कुणी लबाडीने दगड सरकवला तर दगड सरकेल, खालचा कोळसा सरकणार नाही. भांडण झालं की उकरायचं आणि जिथे कोळसा तिथे हद्द. मग पंचाची गरज नाही. कोळसा टाकायचा तो पोरांच्या हातून, कारण म्हातारे मरतात आणि पोरांना आठवतं. त्या दिवशी खापर देऊने ठेवली होती आणि कोळसा धोंडीने टाकला होता. लक्षात राहावं म्हणून दोघांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला होता, आणि धोंडीला मिळालेला खडा मोठा होता हे देऊच्या पन्नास वर्षांनंतरही लक्षात होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका संस्थेची दोन माणसं हर्षदाबरोबर टेपावर चढली. त्यातली एक राजसी मॅडम, टोपी घातलेली, चांगल्या बोलण्याची. त्यांना कातळाच्या खाली, गवतात, बोटभर रुंदीची एक भेग दिसली. आडवी, टेपाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली. त्यांनी वाडीला बसवून समजावलं की डोंगराचा खालचा भाग वरच्यापासून सुटत असेल तर ही भेग पावसात रुंदावेल, आणि फार रुंदावली तर खालची घरं धोक्यात. म्हणून दर सोमवारी हर्षदाने भेगेच्या वर असलेल्या कातळापासून भेगेच्या खाली असलेल्या हद्दीच्या दगडापर्यंत मोजायची टेप लावायची आणि आकडा नि दगडाचा फोटो फोनवर पाठवायचा. अंतर वाढलं की वाडी रिकामी करायची. खूण म्हणून त्यांनी दगडाच्या डोक्यावर लाल रंगाचा एक टिपका दिला.

बाकी सगळं देऊने ऐकलंच नाही. त्याला तो लाल टिपका दिसला. पायथ्याची जमीन गेली तेव्हाही आधी दगडांवर असाच लाल रंग आला होता.

"भेग मोजायची तर भेग मोज," तो हर्षदाला म्हणाला. "माझ्या हद्दीचा दगड कशाला मोजतीस?"

हर्षदाने पुन्हा समजावलं. बाबा, दोन टोकं लागतात, एक हलणारं आणि एक न हलणारं. देऊने मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं यांच्यात त्याच्यापुरता एक डोंगर आडवा होता.

आषाढ लागला, पाऊस चढला. नाचणीची लावणी करता करता एक दिवस देऊने सवयीने कातळापासून हात टाकले, तर सात हात आणि वर सात बोटं. त्याने पुन्हा मोजलं. सातच बोटं. दगड तीन बोटं खाली आला होता, म्हणजे धोंडीचं रान तीन बोटांनी वाढलं होतं आणि त्याचं तेवढंच घटलं होतं. वर कातळाच्या खालच्या बाजूला गवतात एक चर पडलेला दिसला. पाणी खाली याच्या रानात सोडायला धोंडीने तो पाडला असणार, असं त्याने ठरवून टाकलं. त्याला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंच वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते शेवटी घडलं होतं.

आणि आता त्या दगडाचे फोटो दर सोमवारी कुठल्या कुठे जात होते. हा खाली सरकलेला दगड एकदा का फोनात गेला, की तीच हद्द कायम होणार. म्हणून सोमवारी, उजाडता उजाडता, हर्षदा भाकऱ्या थापत असताना, देऊ गुपचूप वर गेला. पहार घातली, दगड उचकटला आणि ढकलत ढकलत पुन्हा सात हात चार बोटांवर नेऊन बसवला. भोवती माती दाबली, वर टाकळ्याची रोपं खोवली आणि तो चरही माती-गवताने बुजवून टाकला. दहा वाजता हर्षदा टेप घेऊन गेली आणि राजसी मॅडमना आकडा कळवून आली. काही फरक नव्हता.

पुढच्या आठवड्यात दगड चार बोटं खाली. देऊने परत आणला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा चार. देऊने परत आणला. सहा सोमवार असं चाललं, आणि सहाही सोमवार हर्षदाचा आकडा तोच राहिला. तिकडे संस्थेच्या वहीत टेपाच्या वाडीपुढे लिहिलं गेलं की इथे हालचाल नाही. एकोणीस घरांतली त्र्याण्णव माणसं त्या एका ओळीच्या भरवशावर रात्रीची झोपत होती, आणि ती ओळ देऊच्या पहारीने लिहिली होती. त्याला याचा पत्ता नव्हता.

चोराला रंगेहाथ धरावं म्हणून तो दोनदा दुपारचा झाडीत दबा धरून बसला. धोंडी आला, नाचणी बघितली, विडी ओढली, गेला. एवढा साळसूद माणूस आतून किती पोचलेला असेल, असं देऊला वाटलं.

श्रावणातल्या एका गुरुवारी वाडीच्या बैठकीत शेवटी त्याने तोंड उघडलं. सगळ्यांसमोर, धोंडीची नव्वदीची आई राजाबाई ओट्यावर बसलेली असताना, तो म्हणाला की धोंडी दगड सरकवतो, शेटच्या सांगण्यावरून सरकवतो, आणि भावेशची नोकरी ही त्याचीच बक्षिशी आहे. धोंडी आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हा मस्करी करत नाही. तो वादात शिरला नाही. त्याने एवढंच विचारलं की दगड खरंच सरकतो का, आणि देऊ म्हणाला, तुलाच माहीत.

धोंडी शुक्रवारी वर गेला आणि दगडापासून चार पावलांवर त्याने खोपट घातलं. चार मेढी, वर प्लास्टिकचा कागद, आत घोंगडी आणि कुत्रं. जो कुणी दगड हलवतो त्याला धरल्याशिवाय खाली उतरणार नाही, माझ्या आईपुढे माझी अब्रू काढली, असं तो सांगून गेला. भावेश जेवण पोचवायचा. आता हे खोपट कुठे होतं ते लक्षात घ्या: भेगेच्या खाली, हर्षदाच्या फोटोत येतं त्या जागेवर, सगळ्या टेपावर जिथे माणसाने उभंसुद्धा राहू नये तिथे. आणि तिथे त्याला नेऊन बसवला होता देऊच्या संशयाने.

त्याच शुक्रवारपासून पाऊस थांबेना. शनिवारी उल्हास नदी पात्राबाहेर पडली. हर्षदाच्या फोनवर बदलापुरातल्या मांजर्लीचे व्हिडिओ येऊ लागले, बिल्डिंगांच्या पार्किंगमध्ये तरंगणाऱ्या गाड्या, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून होडीत उतरणाऱ्या बायका. देऊचा मुलगा तुषार अंबरनाथच्या कंपनीत कामाला, तो तिकडेच अडकला. वाडीच्या पायथ्याचा वहाळ रस्त्यावरून वाहू लागला आणि वाडीचा खालच्या जगाशी संबंध तुटला. हर्षदाने रविवारी राजसी मॅडमना विचारलं, आम्ही निघायचं का? मॅडम म्हणाल्या, एवढ्या पावसात म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन वहाळ ओलांडणं त्याहून धोक्याचं. तुमचं मोजमाप सहा आठवडे तेवढंच आहे, तर उद्याचं मोजमाप बघून ठरवू.

देऊ दाराशी बसून हे ऐकत होता. उद्याचं मोजमाप, एवढाच शब्द त्याने उचलला. उद्या सोमवार होता.

सोमवारी फटफटलं तेव्हा तो पहार घेऊन वर चढला. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. कुत्र्याने त्याला ओळखलं आणि शेपूट हलवून गप्प राहिलं. दगड त्याने ज्या जागी ठेवला होता तिथून चांगला वीतभर खाली गेला होता. तीन दिवस राखण बसलाय आणि तीन दिवसांत वीतभर सरकवतो, काय छाती म्हणावी, असं पुटपुटत देऊने पहार घातली. दगड निम्म्या वाटेवर आला असेल, तेवढ्यात मागून त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

"घावला चोर," धोंडी म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. तीन रात्री भिजून त्याचे डोळे लाल झाले होते. देऊने मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही. तो म्हणाला की तू खाली ढकलतोस आणि मी जाग्यावर आणतो, यात चोर कोण ते वाघोबाला ठाऊक. धोंडीने आईची शपथ घेतली की शुक्रवारपासून मी दगडाला बोट लावलेलं नाही. देऊला शपथेचंही काही वाटलं नाही. शपथ घेणारे त्याने पायथ्याच्या फाटकावर पुष्कळ पाहिले होते.

"मंग उकर," धोंडी म्हणाला. "कोळसा काय म्हनतो बघू."

दोघे त्या पावसात गुडघ्यावर बसले. देऊने सहा सोमवार जिथे दगड आणून बसवला होता तिथे आधी उकरलं. कोपरभर खोल गेले, नुसती तांबडी माती. मग धोंडी खाली सरकला, दगड आज सकाळी जिथे होता त्या खळग्यात त्याने हात घातला, आणि तिथेही काही लागेना म्हणून तो उताराने उकरत गेला. हातभर खाली बोटं टणक कशाला तरी लागली. त्याने मातीचा लपका बाजूला केला. खापर होती, आणि तिच्यात मूठभर कोळसा.

"कोळसा हितं," धोंडी म्हणाला. "म्हंजे हद्द हितं. दगड वर ढकलून माझी जमीन खानारा तू. मना चार मानसांत चोर म्हनलास, देऊ."

आणि रीतीप्रमाणे ते खरं होतं. पंच बसले असते तर देऊला दंड झाला असता. ज्या कोळशावर त्याने आयुष्यभर भरवसा ठेवला त्याच कोळशाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्याने अंगठा मुठीत घेतला आणि तो त्या खापरीकडे बघत राहिला. माणूस संशयी असला की त्याची नजर तरी बारीक होते, एवढा एक फायदा असतो. खापर सरळ होती. कोळसा तिच्यात लहानपणी टाकला तसाच, एक तुकडा न सांडता, आणि भोवतीच्या मातीत गवताची जुनी मुळं अखंड विणलेली. ही माती कुणीही उकरली नव्हती. मग ही खापर इथे कशी?

तो उठला. वाघोबाच्या कातळाला पाठ लावून त्याने हात टाकायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. सात झाले. आठ झाले. कोळशापाशी पोचला तेव्हा साडेआठ हात भरले होते.

"तूच टाकलास कोळसा," तो म्हणाला. "किती हातांवर टाकलास?"

धोंडीला सांगायला वेळ लागला नाही. गुळाचा खडा त्यालाही आठवत होता. "सात," तो म्हणाला. "सात आनि चार बोटं."

दगड माणूस हलवतो. पण जमिनीच्या पोटातला कोळसा खापरीसकट, मुळांसकट, दीड हात कोण हलवणार? धोंडीने कातळाकडे पाहिलं. कातळ जागच्या जागी होता. देऊने ज्याला चर म्हणून शिव्या घातल्या होत्या आणि दर सोमवारी बुजवलं होतं ती भेग आता चांगली हातभर रुंद झाली होती आणि पावसाचं सगळं पाणी आवाज न करता तिच्यात जात होतं. उकरलेल्या खड्ड्यात खालून पाणी वर येऊ लागलं, गढूळ, डाळीच्या पाण्यासारखं.

देऊला सगळं एकदम कळलं. चोर धोंडी नव्हता, शेट नव्हता, राजसी मॅडम नव्हत्या. चोर त्याच्या पायाखाली होता, आणि सहा आठवडे तो दर सोमवारी त्या चोराच्या पाऊलखुणा पुसत आला होता. धोंडीने खापरीतला कोळसा का कोण जाणे, उचलून बनियनच्या आत टाकला आणि भावाचा दंड धरून त्याला खाली ओढलं.

हर्षदा टेप घेऊन निघालीच होती. देऊने तिला अंगणात अडवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"म्हणजे बाबा, दर सोमवारी मी पाठवला तो आकडा…"

"माझा व्हता," देऊ म्हणाला. "तुझा नाय. तसं सांग तुझ्या मॅडमला. माझं नाव घेऊन सांग."

तिने तसंच सांगितलं, सासऱ्यासमोर, काही न लपवता. फोनवरून मॅडमचा आवाज बाहेर ऐकू येत होता. सामान नको, जनावरं सोडून द्या, वहाळाकडे जाऊ नका, आडव्या वाटेने पलीकडच्या पठारावर जा, आत्ता. होड्या सगळ्या मांजर्लीत आहेत, तुमच्याकडे आज कुणी पोचणार नाही.

आता माणसांना उठवायचं. देऊ दारोदार फिरला, आणि पहिल्या तीन दारांतच त्याच्या लक्षात आलं की आपण काय पेरलं ते आज उगवलंय. घर सोडू नका, घर सोडलं की कुंपण येतं, हे चाळीस वर्षं या लोकांना कुणी शिकवलं होतं? त्यानेच. आज तोच म्हणत होता, घर सोडा. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. एकीने तर सरळ विचारलं, शेटनं तुलाबी फितवलं का रं? तिच्या जागी तो असता तर त्यानेही हेच विचारलं असतं.

तेव्हा धोंडी पुढे झाला. त्याच्या पाठीवर फडक्याच्या झोळीत राजाबाई होती. तो वाडीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, देऊ म्हणतो ते खरं आहे. बस, एवढंच. आणि वाडी हलली. सूर्य कुठून उगवतो यावरही ज्या दोघांचं कधी एकमत झालं नाही ते दोघे एकच गोष्ट सांगतायत, म्हणजे ती खरी असलीच पाहिजे, असा तो साधा हिशेब होता. चुलीवरची भांडी चुलीवर राहिली. पोरं कडेवर, म्हातारी पाठीवर, आणि देऊ सगळ्यात मागे, माणसं मोजत. अंबरनाथला अडकलेला तुषार सोडून ब्याण्णव झाली, तेव्हा तो पठारावर चढला.

डोंगर साडेअकराच्या सुमारास आला. फार मोठा आवाज झाला असेल असं लोकांना वाटतं, पण पठारावरून तो पोतं ओढल्यासारखा ऐकू आला. नाचणी उभीच्या उभी खाली चालत आली, तिच्यामागून झाडं, आणि मग बारा घरं दिसेनाशी झाली. देऊचं गेलं, धोंडीचं गेलं. उरलेली सात चिखलात कंबरेपर्यंत. राजाबाईने विचारलं, काय झालं? धोंडीने तिला पाठीवरच नीट सावरून घेतलं. बायका रडत नव्हत्या, नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. सोडलेल्या बैलांपैकी तीन पठारावर आले, बाकीचे आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना कुळगावातल्या एका शाळेत आणलं. तिथे मांजर्लीची पूरग्रस्त कुटुंबं आधीच होती. फ्लॅटवाले भिंतीच्या या अंगाला, ठाकर त्या अंगाला, आणि दोन्हीकडचे लोक ब्लँकेटच्या ढिगावर आणि एकमेकांवर डोळा ठेवून. मग नूतन नावाच्या एका बाईने राजाबाईला स्वतःची उशी दिली. देऊने ती उशी दाबून पाहिली. सवय जाते थोडीच. चौथ्या दिवशी कुणीतरी पुढारी शाल-नारळ घेऊन आले, वाडीला वाचवणारा देऊ कोण म्हणून विचारू लागले. देऊ संडासाच्या मागे जाऊन बसला तो ते जाईपर्यंत आला नाही. आजवर त्याने सगळ्यांच्या चांगुलपणात खोट शोधली होती. आता स्वतःची खोट त्याला शोधावी लागत नव्हती, ती रोज समोर येऊन बसत होती. ताट वाढताना हर्षदा त्याच्याकडे बघायची नाही.

मग एक साहेब अर्ज घेऊन आले. अकरा महिन्यांसाठी तात्पुरती शेड, खाली अंगठा. देऊने हर्षदाकडून तो कागद तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचताना तीही थांबली, कारण जुन्या जागेवरच्या हक्काचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता. देऊने अंगठा मुठीत घेतला, आणि या वेळी मांजर्लीची नूतनसुद्धा म्हणाली की काका बरोबर करतायत, आधी लिहून घ्या. साहेब कागद घेऊन परत गेले, ते अजून लिहून आणतायत. संशय सगळाच खोटा असतो असं नाही, आणि हीच त्यातली मोठी अडचण आहे.

भाद्रपदात उघडीप मिळाली तेव्हा दोघे भाऊ टेपावर गेले. वाघोबाचा कातळ होता. त्याच्यावरचा शेंदूरही होता. त्याच्या खाली, पायरी तोडावी तसा डोंगर तुटला होता आणि तांबडी माती थेट वहाळापर्यंत गेली होती. धोंडी खोपट घालून बसला होता ती जागा जमिनीवर नव्हतीच. ती आता हवेत होती. देऊने सवयीने कातळाला पाठ लावली आणि हात टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या हाताला कडा आली. त्याचा हात पुढे तसाच राहिला.

"मी तुला तितं बसवला व्हता," तो म्हणाला. "तू मेला असतास, धोंडी."

धोंडीने खिशातून एक पुरचुंडी काढली. आत कोळसा होता, तोच. नवीन जागा मिळेल तेव्हा दगडाखाली घालायला लागेल, म्हणून त्याने शाळेतही जपून ठेवला होता. त्याने पुरचुंडी देऊपुढे धरली. तुझा भरवसा नाही माझ्यावर, तेव्हा तूच ठेव, असं त्याचं म्हणणं होतं.

देऊने हात पुढे केला नाही. "तुझ्यापाशी ऱ्हाऊं दे," तो म्हणाला.

"आनि उद्या मी खोटं बोललो तर? कोळसा भलत्या जागी पुरला, आनि म्हनलो हीच हद्द, तर?"

देऊने त्याच्याकडे पाहिलं, जुन्या सवयीने, डोळे बारीक करून, गुळाच्या त्या मोठ्या खड्यापासून आजपर्यंतचं सगळं आठवत. मग त्याची मूठ हळूहळू उघडली.

"तर मंग तीच हद्द," तो म्हणाला.